देवाच्या ताटात

आई : नाक असं चिमटीत धरू नकोस. तोंडाने श्वास घे. थोड्या वेळाने सवय होते.

लेक : सवय? आई, इथे काहीतरी मरून कुजल्यासारखा वास येतोय.

आई : अजून मेलेलं नाही. हळू बोल. बाकी सगळं गेलं, पण कान शाबूत आहेत तुझ्या आजोबांचे.

लेक : ऐकू देत. बसमधून उतरून थेट आले, दार ढकललं आणि मला उमासाच आला. आणि बाहेर पायरीवर ते समोरचे पोस्टमास्तर डोळे पुसत मला म्हणतात, "भाग्यवान माणूस! चेहऱ्यावर काय शांती आहे, जाऊन बघ." त्यांना नाक नाही का?

आई : ते दारातून बघतात. दारातून बघणाऱ्याला चेहरा दिसतो. पाठ मला दिसते. ये, त्या अंगाने धर. खांद्याखाली हात घाल. हां, आता वळव कुशीवर. सावकाश.

लेक : अगं आई गं! हे काय? पाठीला भोक पडलंय?

आई : पडून पडून होतं तसं. बघू नकोस एवढं वाकून. कापसाने नुसतं टिप, घासू नकोस. पू झालाय.

लेक : हातावर आलं माझ्या.

आई : हातमोजे आहेत ना. येऊ दे.

लेक : बाबा कुठे आहेत?

आई : वखारीत.

लेक : आज वखार बंद असते.

आई : बंद वखारीत जाऊन बसतात. लाकडाच्या वासात बरं वाटतं म्हणे.

लेक : वा! बाप यांचा, आणि पाठ सुनेने धुवायची.

आई : त्यांना बघवत नाही गं. मन हळवं आहे.

लेक : नाक हळवं आहे म्हण.

आई : हसवू नकोस, हात हलतो. ती चादर ओढ खालून. ओली आहे, गुंडाळी करून ओढ, नाहीतर तुझ्याच अंगाला लागेल.

आजोबा : कोण... कोण आलंय?

आई : ठमी आली आहे, मामंजी. तुमची नात.

आजोबा : दातवाली?

लेक : हो आजोबा. कवळ्या बनवणारी दातवाली.

आजोबा : ये. बस. मी आता निघालो बरं का.

लेक : असं बोलू नये आजोबा.

आजोबा : का? भीती गेली माझी. देवाने... देवाने पदरात घेतलं मला. सगळं तासून काढलं त्याने. रंधा मारलेली फळी असते ना, तसं. हात फिरव. एक गाठ नाही. एक कुसळ नाही.

लेक : एकही नाही?

आजोबा : एकही नाही. तुझ्या आईने शिकवलं. तिलाच विचार. गुळगुळीत... एकदम...

लेक : झोपले?

आई : डुलकी आहे ती. बोलता बोलता विझतात, परत पेटतात. ते भांडं सरकव इकडे.

लेक : काय शिकवलंस तू यांना?

आई : भांडं दे आधी.

लेक : आई.

आई : प्रार्थना. दुसरं काय शिकवणार? सदऱ्याला काजं करायला?

लेक : तुझी प्रार्थना? तुझ्या प्रार्थनाघरातली? आणि या माणसाला?

आई : आजोबा आहेत तुझे.

लेक : तू प्रार्थनेला गेलीस की आतून कडी लावून घ्यायचे, ते हेच ना आजोबा? "आली देवाची बायको" म्हणायचे, वखारीतल्या गड्यांसमोर. तू त्या पायरीवर बसून राहायचीस आणि मी खिडकीतून तुला पाणी द्यायचे.

आई : पाणी नाही, बिस्किटं. पाण्याचा पेला गजातून बाहेर यायचा नाही. तू रडायचीस त्यावरून.

लेक : आणि ते ताट?

आई : कुठलं ताट?

लेक : तुला माहीत आहे कुठलं.

आई : तू फार लहान होतीस. तुला आठवत नसेल असं धरून चालले होते मी.

लेक : मी तुझ्या समोर बसले होते, आई. तुला यायला उशीर झाला होता. तू धावतपळत सगळ्यांना वाढलंस, मग स्वतःला वाढून घेतलंस, आणि हे उठले आणि तुझ्या ताटात थुंकले. पचकन. आणि म्हणाले, "आता म्हण तुझी प्रार्थना." बाबा खाली मान घालून जेवत राहिले. हळव्या मनाचे ना!

आई : पुरे.

लेक : आणि तू एका बाजूने जेवलीस. जिथे पडलं नव्हतं तिथून.

आई : पुरे म्हटलं ना. पातेल्यात दुसरं उरलं नव्हतं. आणि मी उठले असते तर तू विचारलं असतंस, आई का जेवत नाही. काय सांगणार होते तुला?

लेक : मला अजून कोणाशेजारी बसून जेवता येत नाही. हॉस्टेलवर भिंतीकडे तोंड करून जेवायचे, पोरी हसायच्या. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासते, त्यांच्या तोंडाचे साचे धुते, त्याची मला काडीचीही किळस येत नाही. पण जेवताना कोणी नुसतं खाकरलं तरी माझं ताट सरकतं.

आई : हे कधी बोलली नाहीस मला.

लेक : तू तरी कुठे बोललीस? आणि आता येऊन बघते तर काय, हा माणूस गुळगुळीत फळी होऊन पडलाय. गावभर डोळे पुसतायत. मला या जखमेची किळस नाही गं. पू काय, पू असतोच. मला त्या चेहऱ्याची किळस येते. त्या शांतीची. आणि ती तू दिलीस, तुझ्या हाताने, चमच्याने भरवल्यासारखी!

आई : झालं बोलून? आता ऐक. मी आधी नाहीच म्हटलं होतं.

लेक : कशाला?

आई : प्रार्थनेला. दिवस कलायला लागला की हे घाबरायचे. खाटेची पट्टी धरून ओरडायचे, गुरासारखे. डॉक्टरांच्या औषधाने दुखणं थांबलं, भीती थांबेना. मग एकदा म्हणाले, "अगं ए, तुझं ते म्हण की काहीतरी." मी म्हटलं, मला येत नाही.

लेक : शाबास!

आई : शाबास काय त्यात? स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच परत घासली. ते इकडे ओरडतायत, आणि मी तिकडे घासतेय. आणि मग माझ्या लक्षात आलं, मी गुणगुणतेय. गाणं गुणगुणत होते गं मी. माझीच मला इतकी शिसारी आली, की राख फेकून दिली आणि आले इथे.

लेक : आणि म्हटलंस.

आई : म्हटलं. दात खाऊन म्हटलं. त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्या भिंतीकडे बघत म्हटलं. आणि हे दुसऱ्या ओळीलाच घोरायला लागले.

लेक : झालं. एवढं सोपं?

आई : तोच तर राग आला मला! माझी अर्धी उमर गेली त्या ओळींपाशी पोचायला. पायरीवर बसून बसून गेली. आणि हा माणूस येतो काय, आणि माझ्या देवाच्या मांडीवर तंगड्या पसरतो काय! या घरात माझं म्हणून एवढंच होतं. तेही यांना लागलं.

लेक : मग तिथेच थांबायचं होतंस.

आई : नाही थांबले. हे झोपले तरी मी म्हणत राहिले. आणि शेवटाला येता येता... कसं सांगू तुला? सगळे मला म्हणतात ना, जाणाऱ्या माणसावर काय राग धरायचा, माफ कर, मन मोठं कर. प्रार्थनाघरातल्या बायका तर हात धरून सांगतात. मी नाही केलं माफ. मला येतच नाही ते. प्रयत्न केला, पण घशाशी येतं. पण त्यात एक ओळ आहे, "जे मला उचलवत नाही ते तू उचल." तिथे आले आणि म्हटलं, घे बाबा. हा माणूस मला उचलवत नाही. याची पाठ धुईन, तोंड पुसेन, ते माझं काम. पण हा आख्खा माणूस तुझ्याकडे. आणि छातीवरून काहीतरी उतरलं. खरंच उतरलं, ठमे. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

लेक : आणि देवाने उचललं त्यांना?

आई : ते मला काय माहीत? मी खाली ठेवलं एवढं खरं.

लेक : त्यांनी तुझी माफी मागितली कधी?

आई : नाही.

लेक : एकदाही नाही?

आई : मला अजून "अगं ए" म्हणतात. माफी कुठली मागतायत?

आजोबा : पाणी.

आई : देते. मान वर करा. हळू, हळू. गिळा. नाही गिळवत? मग थुंका. या भांड्यात थुंका. ठमे, भांडं पुढे कर. असं. ओठ पुसते मी.

लेक : आजोबा, तुम्हाला एक विचारू?

आई : ठमे, नको.

आजोबा : विचार की. दातवाली... हुशार आहे.

लेक : देवाने सगळं माफ केलं म्हणता. काय काय सांगितलंत त्याला?

आजोबा : सगळं. काही ठेवलं नाही.

लेक : ताटाचं सांगितलंत?

आजोबा : कसलं ताट?

लेक : आईच्या ताटात थुंकला होतात ते.

आजोबा : ...ते.

लेक : आठवतंय म्हणजे.

आजोबा : आठवतं. गरम होतं डोकं तेव्हा. ते पण सांगितलं त्याला. पुसलं त्याने.

लेक : आणि आईला काय सांगितलंत?

आजोबा : तिला कशाला? वरूनच झालं की सगळं. वरच्याने माफ केल्यावर... खालच्यांना कोण विचारतं?

लेक : आजोबा, तुम्ही देवाच्या ताटात नव्हता थुंकला.

आई : ठमे! बाहेर जा. ऊठ, बाहेर जा आधी.

आजोबा : ए. अगं ए. ही काय म्हणते?

आई : काही नाही. पडून राहा तुम्ही.

आजोबा : मग ते... ते तसंच आहे? राहिलंय ते?

आई : बोलू नका. धाप लागते.

आजोबा : तू सांग. तू केलंस ना माफ? रोज म्हणतेस माझ्यासाठी. केलंस म्हणूनच म्हणतेस ना?

लेक : आई, हो म्हण. म्हणून टाक.

आई : आता म्हणतेस, हो म्हण?

आजोबा : बोल ना. ए. बोल.

आई : नाही, मामंजी.

आजोबा : नाही?

आई : नाही केलं. ज्या तोंडाने तुमच्यासाठी प्रार्थना म्हणते, त्याच तोंडाने खोटं नाही बोलवत. माफ नाही केलं मी तुम्हाला.

आजोबा : मग मी कुठे जाऊ? ए... मी जाऊ कुठे? हात दे. हात दे तुझा. सोडू नको. अंधार होतोय. दिवा लावा कोणीतरी!

लेक : आजोबा, दिवस आहे अजून. ऊन आहे बाहेर. आई, ते केवढे थरथरतायत बघ!

आई : दिसतंय मला. भांडं धर. उलटी होणार त्यांना. जवळ धर, अजून जवळ!

लेक : अंगावर आली माझ्या.

आई : येऊ दे. धर तशीच.

आजोबा : देवा... देवा रे...

लेक : आजोबा, मला नुसतं विचारायचं होतं. आजोबा, ऐका ना. मला...

आई : तोंड फिरवू नकोस. शांती नको होती ना तुला त्यांच्या चेहऱ्यावर? गेली. बघ आता. बरं दिसतंय?

लेक : नाही.

आई : ओंगळ दिसतंय ना?

लेक : हो. आणि मीच ओंगळ वाटतेय मला. मला वाटलं होतं, हे असे घाबरलेले बघून माझ्या आत कुठेतरी थंड पडेल. काहीच थंड पडलं नाही, आई.

आई : नाही पडत. मी भांडी घासून पाहिलंय. जा, ओला टॉवेल आण. आणि दारात पोस्टमास्तर असतील तर त्यांना घरी जा म्हणावं.

आजोबा : म्हण.

आई : काय म्हणू?

आजोबा : ते तुझं. माफ... नको करू. नुसतं म्हण.

आई : म्हणते. हात एवढा आवळू नका, हाडं मोडतील माझी. म्हणते मी. "दयाळा, तू जागा आहेस म्हणून मी डोळे मिटते. तू धरून आहेस म्हणून मी सैल सोडते..."

आजोबा : पुढे.

आई : "जे मला उचलवत नाही ते तू उचल. जिथे मला जाववत नाही तिथे तू पुढे जा..."

आजोबा : परत. पहिल्यापासून.

आई : ठमे, टॉवेल दे. आणि डॉक्टरांना घेऊन ये. फोन नको, स्वतः जा. पळ.

(दुसऱ्या दिवशी दुपार. खाट रिकामी. आई आणि लेक गादीची खोळ काढत आहेत.)

लेक : ही गादी ठेवायची नाही ना?

आई : छे. वास जाणार नाही तिचा. वखारीतली हातगाडी येईल न्यायला.

लेक : बाबा बाहेर काय सांगतायत ऐकलंस? "प्रार्थना ऐकता ऐकता, हसत गेले." पोस्टमास्तर परत रडतायत.

आई : तुझे बाबा वखारीत होते तेव्हा. नंतर कोणीतरी बोलवून आणलं.

लेक : मग तू गप्प का? सांग ना सगळ्यांना, तसे नाही गेले म्हणून.

आई : तुझ्या बाबांना सांगितलं मी. म्हटलं, तुमचे वडील घाबरत गेले. पण कोणी नव्हतं असं नाही, मी होते. ते ऐकून पाणी प्यायला गेले आणि मग बाहेर जाऊन तेच सांगायला लागले. त्यांना तसं हवंय, असू दे. कोणाकोणाचं तोंड धुवू मी?

लेक : आई, माझ्यामुळे झालं ना?

आई : मरण तुझ्यामुळे नाही. त्यांचे दिवस भरलेच होते, डॉक्टरांनी सांगितलं होतं. घाबरले ते तुझ्यामुळे. आणि माझ्यामुळे. तुला बरं वाटावं म्हणून काही वेगळं सांगणार नाही मी.

लेक : नकोच सांगू.

आई : आणि खरं सांगू? तू बोललीस तेव्हा मी ओरडले तुझ्यावर. पण आत कुठेतरी वाटलं, बरं झालं, घरात कोणीतरी लक्षात ठेवलं होतं ते. इतकी वर्षं मला वाटायचं, ते फक्त मला आणि देवालाच आठवतंय.

लेक : मी डॉक्टरांकडे पळत गेले ना, तेव्हा वाटेत ती तुझी प्रार्थना म्हणत होते. सगळी येतही नाही मला. "तू जागा आहेस" एवढंच परत परत. माझा विश्वास नाही, तुला माहितीये. आणि त्यांच्या उलटीचा वास येत होता माझ्या कपड्यांना, लोक वळून बघत होते. पण ते म्हणत होते तोपर्यंत पाय चालत होते. थांबले की रडू यायचं.

आई : मग चांगलं केलंस.

लेक : कोणाला म्हणत होते, तेच कळत नाही मला.

आई : ते कळायची घाई नको. त्या टोकाची गाठ सोड. नखाने नाही, दाभण घे.

लेक : मी गेल्यावर काही बोलले ते?

आई : बोलले.

लेक : माफी मागितली?

आई : नाही. मला म्हणाले, "तू जेवलीस का?"

लेक : आजोबा म्हणाले?

आई : हो. तू नव्हतीस ते बरं झालं. मला एवढी शिसारी आली ना! एका छपराखाली आयुष्य काढलं, कधी विचारलं नाही, आणि आता विचारतायत. तेही भीतीने. लाच दिल्यासारखं. वाटलं, हात झटकावा आणि उठून जावं.

लेक : मग?

आई : मग काय? म्हटलं, नाही जेवले अजून. खरंच जेवले नव्हते. तर म्हणाले, "मग जेवून घे." आणि बोटं अशी धरलेली माझी, की सुटेनात. मी म्हटलं, हात सोडाल तर जेवीन ना.

लेक : आई!

आई : हसले ते. किंवा घशात घरघर होती, ती असेल. मग मी परत म्हणायला घेतलं. त्यांचेही ओठ हलत होते बरोबर. मध्येच कुठेतरी लक्षात आलं, मी एकटीच म्हणतेय.

लेक : थांबलीस?

आई : नाही. संपेपर्यंत म्हटलं. अर्ध्यात कसं सोडणार?

लेक : मग आता केलंस का त्यांना माफ?

आई : नाही.

लेक : करशील कधी?

आई : बघू. आता दोघांपैकी कोणालाच घाई नाही.